सगळ्यांत जे नाही

मेंदूच्या एमआरआयवर काम करताना गटाचा मास्क बनवणं हे तसं दोन ओळींचं काम. २० जणांचे स्कॅन एकाच साच्यावर बसवायचे. प्रत्येकाच्या स्कॅनमध्ये जिथे सिग्नल मिळाला तिथे १, नाही तिथे ०. मग हे २० मास्क एकमेकांशी गुणायचे. सगळ्यांत १ असेल तेवढाच भाग उरतो, आणि पुढचा सगळा अभ्यास त्या भागापुरताच.

गुणाकाराला एक शून्य पुरतं. स्कॅनची चौकट जरा वर लागून एकाच्या लहान मेंदूचा खालचा भाग कापला गेला, तर तो उरलेल्या १९ जणांचाही जातो. डोळ्यांच्या वरच्या भागात तर हे नेहमीचंच. शेजारी सायनसच्या हवेच्या पोकळ्या असतात, तिथे सिग्नल विझतो. कशाला किती मोल द्यायचं या निर्णयांशी ज्या भागाचा संबंध लावतात, नेमका तोच.

मग माणूस काढायचा की भाग सोडायचा? की ८० टक्के लोकांत आहे तो भाग धरायचा? सॉफ्टवेअर यातलं एक मुकाट निवडून टाकतं. मला ही निवड नुसती तांत्रिक वाटत नाही. स्कॅन बिघडतो कोणाचा? चुळबुळ करणाऱ्या पोराचा, हात थरथरणाऱ्या आजोबांचा, पक्षाघात होऊन गेलेल्या बाईचा. ‘स्वच्छ’ गट म्हणजे बऱ्याचदा निपचित पडून राहू शकणाऱ्या धडधाकट लोकांचा गट.

साचासुद्धा कोणाचा तरी असतोच. तालैराखचा १९८८चा नकाशा ६० वर्षांच्या एका फ्रेंच बाईच्या मेंदूवरून केलेला. नंतर माँट्रियलचा आला, १५२ तरुणांच्या सरासरीचा. हैदराबादच्या आयआयआयटीने १०० भारतीयांचा साचा मांडला तो २०१९मध्ये. त्यातला सरासरी मेंदू पाश्चात्त्यच काय, चिनी-कोरियन साच्यांपेक्षाही आकाराने लहान निघाला. (आकाराने. व्हॉट्सॲपवर ढकलण्याआधी हा शब्द परत वाचा.)

आमच्या लोहारा तालुक्यात यादीत असणं-नसणं म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. १९९३च्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली, आमचं सास्तूर त्यात होतं. इतर गावांची घरं जागेवरच बांधली, दुरुस्त केली. रेघ कुठेतरी ओढावी लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण यादीत गावांची नावं असतात. बाहेर कोण राहिलं ते कळतं, भांडता येतं. मास्कबाहेरचा भाग मात्र शोधनिबंधातल्या चित्रात नुसता करडा दिसतो. ‘इथे पाहिलंच नाही’ आणि ‘इथे काही सापडलं नाही’ या दोन्हींचा रंग तिथे एकच.

माझा कल माणूस ठेवण्याकडे आहे. प्रश्नच लहान मेंदूचा असेल तर नाइलाज, पण तेव्हा किती जण वगळले आणि का, ते लिहायचं. एरवी मी निकालाच्या चित्राखाली दुसरं चित्र जोडतो, कुठल्या जागी २०पैकी किती जणांचा सिग्नल होता याचं. परवाच्या चित्रात मधोमध सगळीकडे २० आहेत, लहान मेंदूच्या खालच्या कडेला ११.