हाताची केबल

मंद्रूपला विजापूर रस्त्यालगत एक मिस्त्री गाड्यांचं वायरिंग करायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. उसाच्या ट्रॅक्टरचे दिवे, जीपचा सेल्फ, पिकअपचा हॉर्न, हे रोजचं काम. एकदा गावातलाच एक तरुण जुनी अॅम्बॅसिडर घेऊन आला. नवरदेवासाठी भाड्यानं द्यायची गाडी करायची होती. पत्रा आणि रंग झाला होता. दारांची हँडलं आतूनबाहेरून काढून टाकली होती, काचा बटणावरच्या केल्या होत्या, बॅटरी डिकीत नेली होती.

"अण्णा, रिमोट दाबला की दार उघडलं पाहिजे. डिकीसुद्धा."

अण्णांनी काम घेतलं, पण प्रत्येक दाराला हातानं ओढायची केबलही बसवणार, या अटीवर. एक टोक आत सीटखाली, दुसरं बाहेर, मडगार्डच्या आतल्या अंगाला.

"बॅटरी नवी कोरी आहे. केबल कशाला?"

"मालक, 1 जुलै 2023 ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बस उलटली, ती दाराच्याच अंगावर. आग लागली आणि बाहेर पडायला दार उरलं नाही. पंचवीस माणसं गेली. केबल नको असेल तर गाडी दुसरीकडे न्या."

मालक नाराजीनंच कबूल झाला.

सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं आणि आत लोखंडी दांडा. करंट आला की वेटोळ्याचं चुंबक होतं, दांडा आत खेचला जातो आणि कुलपाची खिटी सुटते. काम अर्ध्या सेकंदाचं, पण जड दाराचा सोलेनॉइड तेवढ्यात तीस अँपिअरच्या आसपास ओढतो. एवढा भार रिमोटच्या बारीक वायरीवर टाकला तर वायर जळते. म्हणून अण्णांनी रिमोटचा इशारा फक्त रिलेच्या कॉइलला दिला. बॅटरीकडून जाड वायर, बॅटरीलगतच फ्यूज, तिथून रिले आणि रिलेतून सोलेनॉइड. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून पत्रा उघडा केला, कारण रंगावर आवळलेला बोल्ट करंट नीट जाऊ देत नाही आणि सोलेनॉइड नुसता 'टक' करून बसतो. हे सगळं हाताखालच्या पोरानं आवडीनं केलं. केबलच्या वेळी मात्र त्याचं तोंड उतरलं. स्कूटरच्या क्लच केबली घेऊन उताणं पडायचं, डोळ्यांत माती घ्यायची, आणि कशासाठी? जे कधी वापरायचंच नाही त्यासाठी!

गाडी झकास झाली. लग्नामागून लग्नं मिळाली. मालकानं नवी सीट कव्हरं घातली तेव्हा सीटखाली लोंबणाऱ्या ओढी कापून टाकल्या. अण्णांना सांगायला तो आला नाही.

मे महिन्यात एक परण्या निघाला. देवळापुढं गाडी बराच वेळ उभी होती. इंजिन बंद, दिवे आणि गाणी चालू. मागच्या सीटवर नवरदेव, मांडीवर लहानगी पुतणी. ड्रायव्हर दार लावून सावलीला गेला होता. एकाएकी गाणं थांबलं. रिमोट दाबला, दार हललं नाही. काचा खाली येईनात. दुसरी बॅटरी जोडावी, तर पहिली डिकीत आणि डिकीही रिमोटवरच. सोलापूरकडच्या मे महिन्यात बंद गाडीची भट्टी व्हायला वेळ लागत नाही. पोर रडायला लागली. कुणी दगड उचलला, पण काच तिच्या तोंडापाशीच होती.

गर्दीत ते गॅरेजमधलं पोरगं होतं. बाकीचे दाराला झोंबत होते, हा लग्नातल्या नव्या शर्टासकट धुळीत आडवा झाला आणि चाकावरून हात आत घातला. ज्या जागेला त्यानं शिव्या घातल्या होत्या, ती बोटांना पाठ होती. केबल ओढली, दार सुटलं. घामानं भिजलेली पोर आधी बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी मालक गाडी घेऊन अण्णांकडे आला. अण्णांनी त्याला मागच्या सीटवर बसवलं, दार लावलं, डिकी उघडून बॅटरीची वायर काढली.

"आता या बाहेर."

मालकाचा हात सीटखाली गेला आणि रिकामाच परत आला. अण्णांनी मान हलवल्यावर पोरानं बाहेरून केबल ओढली. दुपारपर्यंत चारही ओढी पुन्हा बसल्या. मग अण्णांनी ड्रायव्हरला बोलावून घेतलं आणि त्यालाही आत बसवलं.