उतारावरची वीज

कृष्णराजपुरमच्या केबलच्या पुलावरून रोज हजारो माणसं व्हाइटफील्डच्या कचेऱ्यांकडे जातात. पुलाखालचे रूळही त्याच दिशेला, व्हाइटफील्डच्या कंटेनर डेपोकडे जातात. जवळच बंगळूरचं डिझेल लोको शेड आहे. ते १९८०च्या दशकातलं. या परिसरात कान देऊन उभं राहिलं की इंजिनांच्या दोन पिढ्या नुसत्या आवाजावरून वेगळ्या ओळखता यायच्या. अल्को घराण्याचं जुनं इंजिन ठेक्यात धडधडायचं, मधूनच अडखळल्यासारखं. त्याच्यानंतर आलेल्या डब्ल्यूडीजी-४ची घरघर मात्र सलग आणि खोल, वर टर्बोची बारीक शीळ. आज त्या शेडमध्ये विजेची इंजिनंही नांदतात. म्हणूनच डब्ल्यूडीजी-४ या मालगाडीच्या डिझेल इंजिनाकडे आता नीट पाहायला हवं, असं मला वाटतं.

त्याला डिझेलचं इंजिन म्हणणं अर्धंच खरं आहे. यातलं डिझेल चाकाला हातही लावत नाही. सोळा सिलिंडरांचं, चार हजार अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक यंत्र फक्त वीज निर्माण करतं. चाकं फिरवतात त्या सहा आसांवर बसवलेल्या सहा विजेच्या मोटारी. म्हणजे हे स्वतःचं वीजघर पाठीवर घेऊन फिरणारं विजेचंच इंजिन. बंगळूरच्या रस्त्यांवर शिवनसमुद्रच्या धबधब्याची वीज १९०५ साली दिवे लावून गेली. तारेने वीज किती दूर नेता येते याचा धडा या प्रदेशाने इतक्या लवकर गिरवला, आणि तरी इथल्या कितीतरी मार्गांवर विसाव्या शतकाच्या अखेरीसही रेल्वेला आपली वीज आपणच वाहून न्यावी लागत होती.

भारताने १९९५ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सशी करार केला. त्यातली मालगाडीची एकवीस इंजिनं हीच डब्ल्यूडीजी-४. १९९९पासून ती येऊ लागली, तेरा तयार आणि आठ सुट्या भागांत. २००२पासून वाराणसीच्या कारखान्यात ती बनू लागली. पहिलं घर मिळालं ते हुबळीच्या शेडमध्ये, आणि हुबळीची निवड मला फार बोलकी वाटते. तिथून पश्चिमेला निघालं की कॅसलरॉक लागतं आणि कॅसलरॉकपासून कुळेपर्यंत दूधसागरच्या कुशीतून ब्रगांझा घाट उतरतो. सदतीस फुटांना एक फूट चढ. आपल्या बोरघाटाचा आणि थळघाटाचा चढही एवढाच. फरक इतकाच, की मुंबईच्या बाजूच्या या दोन घाटांवर १९३०च्या सुमारासच विजेची तार पोचली होती, गोव्याच्या घाटाने मात्र त्यानंतरही अनेक दशकं वाट पाहिली. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे न्यायचा, तर भरलेल्या वाघिणी या चढावरून ओढायच्या आणि ढकलायच्या. एकेका गाडीला पुढे-मागे मिळून पाच पाच इंजिनं लागत.

अशा चढावर नुसती ताकद कामाला येत नाही. पोलादाच्या रुळावर पोलादाचं चाक, त्यात घाटातला पाऊस. ताकद वाढवली की चाक जागच्या जागी गरगरतं. अल्को घराण्याचं जुनं डब्ल्यूडीएम-२ एकशे बारा टनांचं होतं, पण सुरुवातीची ओढ साधारण तीस टनांची. डब्ल्यूडीजी-४ १२६ टनांचं आणि ओढ त्रेपन्न टनांच्या घरात. वजन थोडं वाढलं आणि ओढ जवळजवळ पावणेदोन पट झाली, ती कशी? जुन्या डीसी मोटारीचं चाक सुटलं की सुटतच जाई. नव्या एसी मोटारीचा वेग पुरवलेल्या विजेच्या कंपनसंख्येला बांधलेला असतो, त्यामुळे चाक हाताबाहेर जाऊ शकत नाही. गाडीचा खरा वेग रडारने मोजायचा आणि चाक त्याहून किंचित जास्त वेगाने फिरू द्यायचं. कारण पकड सर्वांत घट्ट असते ती चाक अगदी थोडं घसरत असताना; मुळीच घसरू न देणारं चाक कमी ओढतं. मला यंत्रशास्त्रातल्या फार थोड्या गोष्टींनी इतका विचार करायला लावलं आहे. घसरणं आणि धरून ठेवणं यांना आपण आयुष्यभर एकमेकांचे शत्रू समजतो.

चढाची गोष्ट इथे संपते. मला जास्त खुणावतो तो उतार. खाली येताना याच मोटारी उलट काम करतात: चाकं त्यांना फिरवतात, त्या वीज तयार करतात आणि त्या ओझ्याने गाडीचा वेग आवरला जातो. तारेखालचं नवं विजेचं इंजिन ही वीज तारेला परत देऊ शकतं. खालून चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला ती कामी येते. डिझेल इंजिनाला ती द्यायला कोणीच नाही. ते ती रोधकांच्या जाळीत तापवून, पंख्याने हवेत सोडून देतं. हजारो टनांनी कमावलेली उंची दूधसागरच्या धुक्यात ऊब होऊन विरते.

रुडॉल्फ डिझेलला हे बोचलं असतं. उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांविषयीच्या कार्नोच्या १८२४च्या सिद्धान्तावर त्याची श्रद्धा होती. उष्णता वाया जाता कामा नये हाच त्याचा ध्यास. त्यातूनच १८९७ साली आउग्सबुर्गला त्याचं यंत्र यशस्वी झालं. मोठ्या वाफेच्या यंत्रांपुढे हतबल झालेल्या छोट्या कारागिराला स्वतःची, स्वतंत्र शक्ती मिळावी अशी त्याची इच्छा होती. ही स्वतंत्रता त्याने खरंच दिली. वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी लागे, विजेच्या इंजिनाला तार लागते. हजारो लिटर तेल पोटात घेऊन निघालेल्या या इंजिनाला वाटेवर कोणाचंच काही लागत नाही. आणि कोणाचं काही लागत नाही, म्हणूनच उतारावर त्याला कोणाला काही देताही येत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

आता तार येते आहे. कोकण रेल्वेच्या संपूर्ण विद्युतीकरणाचं लोकार्पण २० जून २०२२ रोजी झालं, तेही बंगळुरातल्या कार्यक्रमात. ब्रगांझा घाटातही विद्युतीकरणाचं काम पोचलं. वाराणसीने तर जुन्या डब्ल्यूडीजी-३ए इंजिनांची जोडी घेऊन, डिझेल काढून, दहा हजार अश्वशक्तीचं विजेचं इंजिन केलं. फेब्रुवारी २०१९मध्ये त्याला हिरवा झेंडा मिळाला. तरी बिहारमध्ये मढौरा इथे नवी डिझेल इंजिनं अजून बनतात. वादळात तारा तुटल्या की मदतीला जाणारं इंजिनही डिझेलचंच असतं.

म्हैसूरला १९७९पासून रेल्वे संग्रहालय आहे, हुबळीलाही आता आहे. पहिल्या एकवीसांतलं एखादं इंजिन तिथे ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. मात्र रंगवून, बंद करून नको. बाजूची दारं उघडी ठेवावीत, म्हणजे पोटातलं वीजघर मुलांना दिसेल. आणि शेजारी रोधकांची ती जाळीही मांडावी, तिचं काम काय ते मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून.