नाण्याला मार बसलाय की टांकसाळ चुकलीय?

चि. राजूस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. लोणचं मुरलं का, गुडघा कसा आहे, असं बोलता बोलता तिने हळूच सांगितलं की पोराने एका पाच रुपयांच्या नाण्याला आठ हजार मोजायचं ठरवलंय. राजा, नाणी जमवायचा तुझा नाद मला मनापासून आवडतो. चारचौघांत मी कौतुकाने सांगते. पण पैसे अजून दिले नसशील तर थांब. दिले असशील तर तेही मोकळेपणाने सांग, मी रागावणार नाही.

तुझ्या आईने नाण्याचा फोटो मला पाठवला. जुना जाडा पाचाचा ठोकळा, काठाला नखाएवढा गोल घास. विकणारा म्हणतो, टांकसाळीची चूक. अशी चूक होते, हे खरं. धातूच्या पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर पुढचा काप आधीच्या भोकावर चढतो आणि चकती अर्धचंद्राने अपुरी निघते. पण बाळा, त्या चकतीवर छाप नंतर बसतो. छापाच्या दाबाने धातू पसरतो, त्यामुळे कापाजवळची अक्षरं तिकडे ओढल्यासारखी पुसट, निमुळती होतात. तुझ्या फोटोत काठावरचं अक्षर सुरीने तोडावं तसं तुटलंय, उरलेला भाग मात्र पूर्ण ठसठशीत. आता घासाच्या बरोबर समोरचा काठ बघ. छापण्याआधी चकतीची कड उचलून घेतात ती दोन बाजूंच्या दाबाने. एका बाजूला धातूच नसला, तर समोरही दाब नीट बसत नाही आणि तिथली कड दबकी राहते. प्रत्येक खऱ्या कापात हे दिसेलच असं नाही, पण दोन्हींपैकी एकही खूण नसेल तर मी तरी दमडी मोजणार नाही. तुझ्या नाण्याची समोरची कड उत्तम आहे, आणि घासाच्या आत बारीक समांतर ओरखडे आहेत. ही कानस आहे रे.

तो तुला काट्यावर वजन करून दाखवील, नऊ ग्रॅमचं नाणं कमी भरतंय म्हणून. त्याला भुलू नकोस. कानशीनेही वजन घटतंच.

बँकेत कॅशच्या खिडकीत बसायचे तेव्हा चिल्लरीच्या थैल्यांतून काय काय निघायचं! रुळावर ठेवून चपटी केलेली नाणी, गळ्यात घालायला भोक पाडलेली, आम्लात पडून पातळ झालेली. तेव्हा त्यांना कुणी विचारत नव्हतं, आता तीच ‘एरर’ म्हणून मोबाइलवर मिरवतात. कॉलरच्या, म्हणजे छापताना काठ धरून ठेवणाऱ्या कड्याच्या, बाहेर छापलेलं नाणंही पसरट असतं, पण त्याची मधली चित्रं धारदार असतात. रुळावरच्या नाण्याची दोन्ही अंगं फरफटलेली असतात. आम्लातल्या नाण्याचं तर सगळंच झिजतं, काठ, अक्षरं आणि वजनही.

म्हणून नाणं हाती आलं की आधी एवढंच ठरव, हे छापताना किंवा त्याआधी झालं, की छापून बाहेर पडल्यावर? ठशाला तडा गेला असेल तर नाण्यावर उंच रेघ उमटते, कारण धातू त्या फटीत शिरतो. ओरखडा खोल असतो आणि त्याच्या दोन्ही कडांना धातू वर आलेला असतो. भिंग घे, उजेड तिरपा पडू दे, नाणं हळूहळू फिरव, आपोआप कळेल.

तुमचे व्यापारी ज्याला लखी म्हणतात, त्या नाण्याच्या एका अंगावर चित्र, तर दुसऱ्या अंगावर तेच चित्र उलटं आणि आत गेलेलं असतं. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की असं होतं. हौसेचं नाणं आहे, मीही ते हातात घेऊन बघितलंय. पण दोन नाणी शेगड्यात (व्हाइसमध्ये) दाबूनही लोक तसाच ठसा उमटवतात. तेव्हा दुसऱ्या अंगाचं चित्र चेपलंय का, हे पाहिल्याशिवाय पुढे बोलू नकोस.

दहाच्या नाण्यात आणखी जपायला हवं. त्याची मधली चकती आणि बाहेरचं कडं एकाच ठोक्यात एकत्र छापले जातात. कड्याच्या तुलनेत चकती फिरलेली असेल, तर कुणीतरी ती काढून पुन्हा बसवलीय. ठसाच फिरला असेल तर ते अख्खं अंग दुसऱ्या अंगाच्या तुलनेत फिरलेलं दिसतं. आणि कुठे दहा किरण, कुठे पंधरा, ही मुळी चूकच नव्हे. दहाची 14 वेगवेगळ्या चित्रांची नाणी चालू आहेत, असं रिझर्व्ह बँकेने 2018 च्या जानेवारीत जाहीर केलं होतं. वर्षाखालच्या टांकसाळींच्या खुणांचंही तसंच. तुझ्या हैदराबादचा तारा, आमच्या मुंबईचा चौकोनी हिरा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची खूणच नाही. 1985 च्या रुपयावर ‘एच’ दिसला तर तो बर्मिंगहॅमच्या टांकसाळीचा. अशा खुणांना चूक म्हणून विकणारे पुष्कळ आहेत.

तुझ्या जवळच, हैदराबादेतल्या सैफाबादच्या जुन्या टांकसाळीत आता संग्रहालय झालंय. सुट्टीच्या दिवशी जाऊन ये. चकती कशी कापतात, ठसा कसा बसतो, हे एकदा मनात पक्कं झालं की फोटोवरून फसवणं अवघड जातं. आणि लिंबू-चिंच लावून नाणी चकचकीत करू नकोस, चांगल्या नाण्याची किंमत त्याने मातीमोल होते.

घरी सगळं ठीक आहे. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणतात. तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवलंय, येणाऱ्याबरोबर धाडते. वेळेवर जेव, रात्रभर मोबाइलवर लिलाव बघत जागू नकोस.

आणखी एक. जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या नावाने कर आणि कमिशन मागणारे लबाड आहेत, असं त्या बँकेनेच 2021 च्या ऑगस्टमध्ये बजावलं होतं. आगाऊ पैसे मागणारा कितीही गोड बोलला तरी फोन ठेव. यापुढे कुठलंही नाणं घेण्याआधी त्याच्या दोन्ही अंगांचा, काठाचा आणि वजनाच्या काट्यावरचा असे फोटो मला पाठव, आणि माझं उत्तर येईपर्यंत पैसे पाठवू नकोस.

तुझी,
आत्या