साखर कोणाची, धूर कोणाचा?

2020 च्या उन्हाळ्यात महापालिकेचे रोजचे पत्रक मी न चुकता वाचीत असे. आज कोरोनाने इतके दगावले, असा आकडा त्यात असे. आणि लागलीच पुढचे वाक्य येई – त्यांपैकी इतक्यांना दीर्घकालीन आजार होते. 'त्यांना डायबेटीस होता हो!' असे शेजारीपाजारी म्हणत, तेव्हा त्या आवाजात मला दुःखापेक्षा सुटकेचाच सूर अधिक ऐकू येई. जणू त्या बिचाऱ्याने चहात दोन चमचे जास्त घालून आपले मरण आपल्याच हाताने ओढवून घेतले होते!

वाक्य खोटे नव्हते. रक्तातली साखर चढली की पांढऱ्या पेशी मंदावतात, आणि पोटावर साठलेली चरबी शरीरात एक बारीक दाह सतत धुमसत ठेवते. विषाणू शिरतो तो अशा आधीच धुमसणाऱ्या घरात.

पण त्या पत्रकात हवेला जागा नव्हती. साकीनाक्याच्या कोंडीत वीस वर्षे रिक्षा चालवणारा, किंवा मुलुंडची कचराभूमी 2018 मध्ये बंद होईपर्यंत तिच्या शेजारी राहिलेला – यांच्या छातीत काय साठले होते, हे कोणी विचारले? बारीक धूलिकणांनी श्वासनलिकेची आतली राखण दुबळी होते. हार्वर्डच्या संशोधकांनी 2020 मध्येच अमेरिकेतील जिल्हावार आकडे मांडले. जेथे हे कण वर्षानुवर्षे अधिक, तेथे कोरोनाचे मृत्यूही अधिक आढळले. आता, अशा आकड्यांवरून एकट्यादुकट्या माणसाविषयी काही सिद्ध होत नाही, हे मान्य. आणि तेथेच धूर निसटतो! साखर एकाच्या नावावर मांडता येते. धूर कोणाच्या नावावर मांडायचा?

बरे, साखर तरी सर्वस्वी त्याचीच का? पहाटे बोरिवलीहून लोकलला लोंबकळायचे, दिवसभर खुर्चीला खिळायचे, परतताना स्टेशनबाहेर वडापाव. चालावे म्हटले तर फुटपाथ सापडत नाही. शिवाय दिल्ली व चेन्नई येथल्या पाहणीत, दूषित हवेत राहणाऱ्यांना मधुमेह अधिक जडतो असे दिसून आले आहे. म्हणजे त्याच्या साखरेतही थोडा आपला धूर विरघळलेला!

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा आहेत. दिवाळीत त्यांच्या लाडवावर साऱ्या घराचा पहारा असतो. सूनबाई डबा वरच्या फळीवर ठेवतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याच घरचा नातू त्यांच्या खिडकीखाली भुईनळे लावतो. धूर आत जाऊ लागला की तो मोठ्या मायेने ओरडतो, "आजोबा, खिडकी लावून घ्या!" आजोबा खोकत खोकत उठतात आणि लावून घेतात.