लज्जा, ऋण आणि दुसरी पिढी

‘जनाची नाही, तर मनाची तरी लाज धरावी’ असे मराठीत म्हणण्याचा प्रघात आहे. असे बोलणारा मनुष्य नकळत एका जुन्या शास्त्रीय भेदाचा उच्चार करीत असतो. अमरसिंहाने आपल्या कोशात लज्जेची पाच नावे दिली आणि त्याच ठिकाणी सांगून ठेवले की, हाच भाव दुसऱ्याच्या निमित्ताने उत्पन्न झाला असता त्यास अपत्रपा म्हणावे. बौद्ध आभिधर्मिकांनीही ह्री आणि अपत्राप्य हे दोन धर्म पृथक् मानले. दोहोंनाही त्यांनी कुशल धर्मांत स्थान दिले हे खरे. परंतु एकीचा साक्षी अंतरात बसलेला आणि दुसरीचा बाहेर उभा, हे अंतर त्यांनी पुसू दिले नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीमध्ये जिची गणना आहे, ती ह्री होय. चीनमध्ये मेन्शियसनेही लज्जेच्या भावनेत नीतीचा अंकुर पाहिला. तेव्हा लज्जा सर्वथा त्याज्य आहे, असे म्हणण्यास या परंपरांत आधार नाही. प्रश्न आहे तो निराळाच. जनाची लाज मनाच्या लाजेच्या आसनावर जाऊन बसली, म्हणजे माणसाचे काय होते?

हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेत गेलेल्या चिनी, जपानी, कोरियन, व्हिएतनामी आणि भारतीय कुटुंबांतील मुलांकडे, म्हणजे आता प्रौढ झालेल्या मुलांकडे, पाहावे. अशा कित्येक घरांत आईबापांना इंग्रजी नीट येत नाही आणि मुलाला येते. म्हणून आठदहा वर्षांचे मूल कचेरीत, दवाखान्यात, बँकेत दुभाष्याचे काम करू लागते. घरी ज्याचा शब्द शेवटचा असतो, तो बाप कारकुनापुढे चाचरताना ते पाहते. कारकुनाच्या स्वरातील तुच्छता मुलाला कळते, बापाला पुरती कळत नाही. आणि ती वगळून नुसता अर्थ सांगण्याची कला ते मूल फार लवकर शिकते. भाषांतर हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांना ठाऊक असते की, जे वगळले ते नाहीसे होत नाही. ते वगळणाऱ्यापाशी साठत जाते. त्या मुलाच्या मनात दोन लज्जा एकदम जन्म घेतात. एक बापाची, आणि दुसरी, बापाची लाज वाटली याची. पहिली काळाने बोथट होते. दुसरी कोणापाशी बोलता येत नाही, म्हणून तीच अधिक टिकते.

या दोन्ही लज्जांचे खापर घरावरच फोडणे अन्यायाचे होईल. त्यांतील बराच भाग कायद्याने घडविलेला आहे. १८८२ साली चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरविले. जपानहून आलेल्या पहिल्या पिढीला ते १९५२ पर्यंत मिळू शकले नाही. नागरिकत्वास अपात्र अशा परकीयांना शेतजमीन विकत घेता येऊ नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने १९१३ साली केला. यातून जी युक्ती निघाली ती या विषयाच्या गाभ्याशी नेणारी आहे. मुले अमेरिकेत जन्मल्यामुळे जन्मतःच नागरिक होती. म्हणून आईबाप मुलांच्या नावे मालमत्ता घेऊ लागले. रिव्हरसाइड गावी खानावळ चालविणाऱ्या जुकिची हराडा यांनी १९१५ साली आपल्या तीन मुलांच्या नावे एक घर घेतले. शेजाऱ्यांनी आक्षेप घेतला, राज्याने दावा लावला, आणि १९१८ साली निकाल मुलांच्या बाजूने लागला. मुले अजाण, आणि घराची मालक! बापाचे सर्व कष्ट, सर्व अपमान आणि सर्व आशा ज्या कागदावर लिहिल्या, त्यावर नाव मात्र मुलाचे. ‘कोदोमो नो तामे नी’, म्हणजे ‘मुलांसाठी’, हे शब्द त्या पिढीच्या तोंडी सदैव असत. ते प्रेमाचे शब्द होते यात संशय नाही. परंतु ज्याच्यासाठी एवढे केले, त्याला ते शब्द खातेवहीतील नावे बाजूसारखे ऐकू येतात.

१९६५ च्या नव्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोटे रद्द केले आणि आप्तांबरोबरच शिक्षित व्यावसायिकांनाही अग्रक्रम दिला. त्यानंतर भारत, कोरिया, तैवान, फिलिपाइन्स येथून डॉक्टर आणि इंजिनियर मोठ्या संख्येने गेले; त्यांत मराठी घरांतील तरुणही होते. पुढच्याच वर्षी, १९६६ साली, विल्यम पीटरसन या समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या एका प्रख्यात वृत्तपत्राच्या पुरवणीत जपानी अमेरिकनांच्या यशाची कथा लिहिली, आणि ‘आदर्श अल्पसंख्य’ ही कल्पना रूढ होऊ लागली. निंदेपेक्षा स्तुती माणसाला अधिक घट्ट बांधते, कारण निंदेचा प्रतिकार तरी करता येतो. जेनिफर ली आणि मिन झोउ यांनी लॉस एंजेलिसमधील चिनी आणि व्हिएतनामी कुटुंबांच्या प्रौढ मुलांचा अभ्यास करून २०१५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात यशाची एक ठरीव चौकट वर्णिली आहे. उत्तम गुण, नामांकित विद्यापीठ, आणि मग डॉक्टर, वकील, इंजिनियर यांसारखा व्यवसाय. या चौकटीत जे बसले नाहीत त्यांना, जगाच्या मानाने त्यांचे चांगले चाललेले असूनही, आपण अपयशी आहोत असे वाटत होते. कित्येक तर आपल्या समाजापासूनच दूर झाले होते.

येथे महत्त्वाकांक्षेचे खरे स्वरूप उघड होते. ती लज्जेच्या विरुद्ध दिशेची वाटते, परंतु पुष्कळदा ती लज्जेचेच दुसरे तोंड असते. मुलाला वैद्यकीची ओढ असतेच असे नाही. कारकुनापुढे चाचरलेल्या बापाची भरपाई त्याला करावयाची असते. आणि अशी भरपाई कधी पुरी होत नाही. पदवी मिळाली म्हणून तो गतकाळचा बाप मागे जाऊन ताठ उभा राहत नाही. एरिन ख्वे निन्ह या विदुषीने २०११ साली स्थलांतरितांच्या कन्यांविषयी लिहिताना त्यांना ऋणबद्ध म्हटले आहे. हा शब्द नेमका आहे.

पण ऋणाचा विचार वैदिकांनी केला होता, आणि तो या बाबतीत अधिक खोल आहे. तैत्तिरीय संहितेत जन्मतः तीन ऋणे सांगितली आहेत. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने फिटते. पितृऋण पितरांना परत करावे असे तेथे सांगितलेले नाही, याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. ते पुढे द्यावयाचे आहे. बापाकडून जे आले ते बापाच्या पदरात परत घालणे हा फेडीचा मार्गच नव्हे. जो अजून आला नाही, किंवा नुकता आला आहे, त्याच्याकडे ते वाहत जावे. प्रजा या शब्दाचा अर्थ केवळ औरस संतती एवढाच घेण्याचे कारण नाही. कारण ऋषींचे ऋण फेडणारा जी विद्या घेतो, तीही पुढे जाण्यासाठीच घेतो. मागे वळून फेडू पाहणारा पुत्र म्हणूनच कधी मुक्त होत नाही. त्याने पैसे चुकीच्या पत्त्यावर पाठविलेले असतात.

येथे कोणी म्हणेल, गीतेतच भगवंतांनी अर्जुनाला अपकीर्तीचे भय दाखविले आहे. मग लोकलज्जेने यश मिळविणाऱ्या मुलाने काय गैर केले? आक्षेप योग्य आहे. दुसऱ्या अध्यायात तसे सांगितले आहेच. परंतु श्रीशंकराचार्यांनी त्या श्लोकांविषयी स्पष्ट म्हटले आहे की, हा शोक दूर करण्यासाठी योजलेला लौकिक न्याय आहे, शास्त्राचे तात्पर्य येथे नाही. खाली बसलेल्या माणसाला उठविण्यापुरता तो उपयोगी. लागलीच पुढे समबुद्धीचा उपदेश येतो, आणि अठराव्या अध्यायाच्या अखेरीस तर सर्व सांगून झाल्यावर निर्णय अर्जुनावरच सोपविला जातो. जे घर मुलाला लौकिक न्याय देते आणि तेथेच थांबते, ते घर दुसऱ्या अध्यायाच्या मध्यावर पोथी मिटवून ठेवते. मुलांना निष्काम होण्याचा कोरडा उपदेश करणारेही काही कमी दोषी नाहीत. ज्याला आपली कामना कोणती आणि बापाची कोणती हेच कळलेले नाही, त्याने त्याग कशाचा करावा?

हा निवाडा होण्यास प्रथम बोलावे लागते, आणि तेच सर्वांत अवघड असते. १९४२ साली सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना अमेरिकन सरकारने घरांतून काढून छावण्यांत डांबले. त्यांतील दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. हराडा दांपत्य युटामधील टोपाझच्या छावणीतच वारले. युद्धानंतर त्यांची कन्या सुमी त्या घरी परतली आणि आयुष्याचा बहुतेक काळ तिने ते सांभाळले. सुटून आलेल्या इतरांनी मात्र मौन धरले. मुलांपुढे छावणीचा उल्लेख झालाच, तर इतका सहज की ती एखाद्या सहलीची गोष्ट वाटावी. निरपराध असूनही अपराध्याची लाज त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे वाहिली, आणि मुलांनी कारण न कळता ती वारशाने घेतली. १९८१ साली सरकारी आयोगापुढे साडेसातशेहून अधिक साक्षीदार उभे राहिले, आणि त्यांतील कित्येक या विषयावर प्रथमच तोंड उघडीत होते. आपल्या आईने किंवा बापाने काय सोसले हे पुष्कळ मुलांना त्या सुमारास प्रथम कळले. आपण ज्याची भरपाई करीत आलो ती बापाची उणीव नव्हती, राज्याचा अपराध होता, असे त्यांच्या ध्यानात येऊ लागले.

१९८८ साली कायदा होऊन सरकारने क्षमा मागितली, आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर देण्याचे ठरले. तोपर्यंत पहिली पिढी बहुतांशी निघून गेली होती. ९ ऑक्टोबर १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये पहिले धनादेश देण्यात आले तेव्हा मान सर्वांत वृद्धांचा होता. त्यांत वयाची शंभर वर्षे ओलांडलेले एक धर्मोपदेशक होते. वृद्ध मंडळी चाकांच्या खुर्च्यांत बसलेली होती, म्हणून देशाचे महान्यायवादी त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसले आणि त्यांनी ते कागद त्यांच्या हाती दिले.