किल्ली कोणाच्या हाती?

माउली, आपले म्हणावे तरी कशाला? युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च 2022 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या अमेरिकी कंपन्यांनी रशियातले काम थांबवले. रशियन बँकांनी दिलेली त्यांची कार्डे परदेशात चालेनात. युद्ध पुकारले राज्यकर्त्यांनी. अडला परमुलखातला विद्यार्थी. पैसा त्याचा, किल्ली दुसऱ्याच्या हाती. देशात मात्र तीच कार्डे चालली, कारण 2014 नंतर रशियाने स्वतःची यंत्रणा उभारली होती.

परावलंबी तर आपणही आहोत. वारीत कोणी पाणी देतो, कोणी ओसरी. पण तो आपला चेहरा पाहतो, त्याला विनवता येते. दूरच्या यंत्राला आपण नुसता आकडा. म्हणून सेवा जरूर वापरावी, सर्वस्व तिच्या हवाली करू नये. थोडी रोकड, मोलाच्या कागदांची प्रत घरी असावी. सर्वस्व वाहावे ते एका विठ्ठलाच्याच पायी.