ऐकवणं

फोन उपडा ठेवा. दिवा मंद करा. खांदे सैल सोडा आणि दोन-तीन श्वास नुसते येऊ-जाऊ द्या. आज एकच गाणं ऐकायचं आहे, तेही तीनदा.

मला ते एका मित्राने ऐकवलं. आधी ना माहिती सांगितली, ना कौतुक केलं. "ऐक," एवढंच म्हणाला आणि शेजारी गप्प बसला. त्या तीन मिनिटांत त्याचं गप्प बसणंही मला ऐकू येत होतं.

'धिस इयर्स किसेस'. न्यूयॉर्क, 25 जानेवारी 1937. वाद्यवृंद पियानोवादक टेडी विल्सनचा. गायिका बिली हॉलिडे 21 वर्षांची, टेनर सॅक्सोफोनवर लेस्टर यंग, 27 वर्षांचा. दोघांनी एकत्र ध्वनिमुद्रण केलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

पहिल्यांदा ऐकताना फक्त लेस्टरकडे लक्ष द्या. गाण्याची चाल आधी तोच वाजवतो. त्या काळी टेनरचा सूर भरदार, घुमणारा असावा अशी रीत होती. याचा सूर हलका आहे. तो कुठे फुंकर थांबवतो, तिथे तुम्हीही थांबा.

दुसऱ्यांदा बिली. आवाज लहान, पल्ला बेताचा. शब्द मात्रेवर पडणार असं वाटतं आणि तो किंचित मागून येतो. लय मात्र सुटत नाही. त्या उशिरात थोडं राहा. समेची वाट पाहताना छातीत जे होतं, तसं काही होतंय का, बघा.

तिसऱ्यांदा दोघांना शेजारी-शेजारी ऐका. चाल तीच, त्याने हळुवार मांडली, तिने तितक्याच हळुवारपणे उचलली. लेस्टरने तिला 'लेडी डे' हे नाव दिलं, तिने त्याला 'प्रेझ', म्हणजे अध्यक्ष. अशी नावं पुष्कळ ऐकल्यावरच सुचतात.

आता डोळे मिटा आणि वीस वर्षं पुढे या. 8 डिसेंबर 1957, अमेरिकेतल्या सीबीएस दूरचित्रवाणीचा स्टुडिओ. बिली स्वतः रचलेलं 'फाइन अँड मेलो' गाते आहे. लेस्टर आजारी आहे. त्याची पाळी येते, तेव्हा तो उठून वाजवतो. ब्लूजचं एक आवर्तन: 12 मापं, 48 मात्रा. सूर मोजकेच. कॅमेरा बिलीकडे वळतो. ती ऐकते आहे. मान हळूच हलते, डोळे त्याच्याकडे. इथे गायिका श्रोता झाली आहे, आणि तिच्या चेहऱ्यावरून आपल्याला लेस्टर अधिक ऐकू येतो.

1959 मध्ये, 15 मार्चला तो गेला. 17 जुलैला ती.

तो चेहरा थोडा वेळ मनात राहू द्या. मग स्वतःला विचारा: माझ्या आवडीचा आवाज मला कोणी दिला? त्या वेळी त्या माणसाचा चेहरा कसा होता? आठवेल तेवढं आठवू द्या.

आणि मग असा एखादा माणूस मनात आणा, ज्याला तुम्ही हे ऐकवाल. त्याला ते आवडलंच पाहिजे, ही अट सोडून द्या. गाणं लावा. शेजारी बसा. ते तुम्हाला पाठ असलं तरी त्याच्याबरोबर पहिल्यांदा ऐका.

संपल्यावर "कसं वाटलं?" असं लगेच विचारू नका.